जिंकणाऱ्या घोड्याची गाळलेली गोष्ट

चाकूरहून अहमदपूरमार्गे नांदेडकडे निघाले की वाटेत माळेगाव लागते. तिथल्या खंडोबाच्या यात्रेत घोडे विक्रीला येतात. ते पाहणारा जाणता माणूस आधी दात बघतो, मग भोवरे, मग चाल. किंमत अगदी शेवटी विचारतो. अशा पारखी मुलखात 'सेक्रेटरिएट' हा २०१० सालचा डिस्नेचा चित्रपट मुलाबाळांसह जरूर पाहावा. पण दात बघून.

सेक्रेटरिएट हा ३० मार्च १९७० रोजी अमेरिकेतल्या व्हर्जिनियात जन्मलेला तांबूस घोडा. १९७३ साली त्याने केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट या तिन्ही शर्यती जिंकल्या. हा तिहेरी मुकुट त्याआधी पंचवीस वर्षे कुणालाच मिळाला नव्हता. त्याची मालकीण पेनी चेनरी, चार मुलांची आई. वडील अंथरुणाला खिळलेले, घोड्यांचा मळा तोट्यात, आणि भाऊ म्हणतो विकून टाक. माहेरची जमीन विकायची की राखायची हा प्रश्न आपल्याकडच्या लेकींनाही ठाऊक आहे. फक्त त्यांना तो कुणी विचारत नाही. डायन लेनने ही पेनी ताठ मानेने, रडारड न करता उभी केली आहे.

निकाल आधीच ठाऊक असलेली शर्यत रंगवायची कशी? दिग्दर्शक रँडल वॉलेसने ही अडचण चांगली सोडवली आहे. प्रीकनेस आपण पेनीच्या कुटुंबाबरोबर घरच्या टीव्हीवर, त्या वेळच्या खऱ्या चित्रणातून पाहतो. बेलमाँटला मात्र कॅमेरा टापांच्या धुळीत शिरतो. जॉकी रॉन टरकॉटची भूमिका ऑटो थॉरवर्थ या खऱ्या जॉकीनेच केली असल्याने त्याची बैठक कुठेही खोटी वाटत नाही. दीड मैल, वेळ दोन मिनिटे चोवीस सेकंद, आणि दुसऱ्या घोड्यापासून अंतर एकतीस घोड्यांच्या लांबीचे! तो विक्रम अजून मोडलेला नाही. खऱ्या शर्यतीत टरकॉटने शेवटी मान वळवून पाहिले ते वेळेच्या फलकाकडे. मागे पाहण्याजोगे कुणी उरलेच नव्हते.

आता खोड. पेनीचा मळा खरा सावरला तो रिवा रिज नावाच्या घोड्याने. १९७२ ची केंटकी डर्बी आणि बेलमाँट त्याने जिंकली होती. मालकीण तीच, जॉकी तोच, प्रशिक्षक लुसियन लॉरिनही तोच. चित्रपटात या घोड्याचे नावसुद्धा नाही! का, तर बाई एकटी, अनुभव नाही, आणि सारे एकाच डावावर लावलेले, असे दाखवायचे होते म्हणून. माझ्या मते इथे पेनीवरच अन्याय झाला आहे. आदल्या वर्षी डर्बी जिंकलेली बाई साठ लाख ऐंशी हजार डॉलरला आपल्या घोड्याचे भाग विकते, हा व्यवहार आहे, आणि तो हुशारीचा आहे. चित्रपटाला तो चमत्कार वाटतो.

प्रतिस्पर्धी शॅमच्या प्रशिक्षकाला बढाईखोर खलनायक केले आहे, त्याची तर काहीच गरज नव्हती. शॅम डर्बीत आणि प्रीकनेसमध्ये दुसरा आला होता. दुसऱ्या एखाद्या वर्षी तोच मुकुट घालून गेला असता.

सर्वात खटकते ते मोतद्दार एडी स्वेटचे. नेल्सन एलिसने ही भूमिका मनापासून केली आहे. डर्बीच्या पहाटे रिकाम्या मैदानाला तो ओरडून सांगतो, की आज घोड्याने सगळे खाणे संपवले! चित्रपटातला हा सर्वात जिवंत क्षण. पण हा कृष्णवर्णीय माणूस कुठून आला, त्याला काय मिळत होते, हे कळत नाही. रिवा रिजची देखभालही त्याच्याच हाती होती. पुढे १९९८ मध्ये तो गरिबीतच वारला.

दोन तासांचा चित्रपट आहे, मुलांपुढे संकोच वाटावा असे त्यात काही नाही. रिवा रिजची आणि एडीची गोष्ट मात्र पडदा मिटल्यावर आपणच त्यांना सांगायची.