अंगणांतील माडाचें दुखणें

कोंकणांत व मुंबईच्या परिसरांत अंगणांतील माड हा घरांतील वडीलधाऱ्या माणसासारखा मानला जातो. तो निस्तेज दिसूं लागतांच कोणी बुंध्याशीं मीठ घालतो, तर कोणी कुऱ्हाड शोधूं लागतो. परंतु श्रोत्यांनीं त्यापूर्वीं एक गोष्ट अवश्य पाहावी: दुखणें खालच्या पानांपासून चढत आहे, कीं शेंड्यापासून उतरत आहे?

आंब्याची फांदी तुटली तर दुसरी फुटते. माडाला मात्र शेंड्यांत वाढीचा एकच कोंब असतो. तो मेला कीं माड मेला. उरलेलीं पानें कांहीं महिने हिरवीं राहिलीं तरी तो आभास होय. शिवाय माडाचें खोड जखम भरून काढीत नाहीं. यास्तव चढण्यासाठीं त्याला खांचा पाडणें हें किडीला आमंत्रण देणें होय.

सर्वांत खालचें एखादें पान वाळून गळणें हा निसर्गक्रमच आहे. मात्र जुनीं पानें टोकांकडून पिवळीं पडून करपूं लागलीं, तर बहुधा पालाशाची उणीव असते, आणि मिठांत पालाश नसतो. पूर्ण वाढलेल्या माडास वर्षाकाठीं ५०० ग्रॅम नत्र, ३२० ग्रॅम स्फुरद व १२०० ग्रॅम पालाश अशी मात्रा सांगितली आहे. ती विभागून, शेणखतासह, बुंध्याभोंवतीं दीड ते दोन मीटर अंतरापर्यंतच्या आळ्यांत द्यावी. पिवळीं पानें तोडूं नयेत, कारण नवीं पानें त्यांतूनच पालाश ओढून घेतात. गुण दिसावयास वर्षाहून अधिक काळ लागतो, व तो नव्या पानांतच दिसतो.

वरून उतरणाऱ्या दुखण्यांत मात्र दिरंगाई परवडत नाहीं. नवें पान त्रिकोणी कातरलेलें उलगडलें, तर गेंडा भुंगा शिरला असें समजावें. जाणत्या गड्याकडून लोखंडी आंकड्यानें तो काढवावा, आणि जेथें त्याची वीण होते ते शेणाचे व कुजक्या पाल्याचे ढीग उपसावे. खोडांतील भोंकांतून तांबूस द्रव व चावलेला भुसा येत असेल, तर तो सोंड्या भुंगा होय. तेथें तज्ज्ञासच बोलवावें. पावसाळ्यांत मधली सुई, म्हणजे न उलगडलेलें पान, फिकी पडून ओढतांच हातीं आली व दुर्गंधि सुटली, तर बुरशीनें कोंब कुजत आहे. कुजका भाग निरोगी भागापर्यंत खरवडून तेथें बोर्डो मलम लावावें व नवा कोंब येईपर्यंत पाणी शिरूं देऊं नये. शेजारच्या माडांवर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावें. त्यासाठीं १ किलो मोरचूद, १ किलो चुना व १०० लिटर पाणी लागतें.

रत्नागिरीजवळ भाट्ये येथें नारळाचें संशोधन केंद्र आहे. शंका उरल्यास तेथें विचारणें श्रेयस्कर. एरव्हीं महिन्यांतून एकदां मान वर करून सुई पाहण्याची संवय घरांतील मुलांना लावावी. सुई ताठ व हिरवी आहे तोंवर माड वांचण्याची आशा आहे, आणि तोंवर कुऱ्हाडीला घाई करण्याचें कारण नाहीं.