घरभाड्याची पावती : एक उपेक्षित साधन

जुन्या कागदांच्या संग्राहकांस सनदा, महजर, वतनपत्रें व निवाडे यांची गोडी असते, हें योग्यच आहे. परंतु एखाद्या वाड्यांतील दप्तर सोडून पाहतांना ज्या बारीक चिठ्ठ्या ‘किरकोळ’ म्हणून बाजूस पडतात, त्यांत घरभाड्याच्या चिठ्ठ्या व पावत्या यांचा भरणा पुष्कळ असतो. त्या कोणी वाचीत नाहीं. बहुधा त्या रद्दींत जातात. त्यांची योग्यता काय आणि त्या कशा वाचाव्या, हें थोडक्यांत सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

भाडें हा शब्द संस्कृत ‘भाटक’ शब्दापासून आला. कौटिल्यानें घराच्या भाड्यास ‘अवक्रय’ म्हटलें आहे. अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणांत वास्तुविषयक जे नियम आहेत, त्यांत निघून जाण्यास सांगितलें असतांहि घर न सोडणारा भाडेकरू जसा दंडास पात्र धरला आहे, तसाच भाडें देणाऱ्यास विनाकारण घालवून देणारा मालकहि धरला आहे. शिवीगाळ, चोरी, दांडगाई इत्यादि कारणें असतील तर मात्र मालकास मोकळीक आहे. आणि भाडेकरू आपण होऊन निघून गेला तर वर्षाच्या भाड्याची राहिलेली बाकी त्यानें द्यावी, असें आहे. नारदस्मृतींत भाड्यास ‘स्तोम’ हा शब्द असून, दुसऱ्याच्या जमिनीवर भाडें देऊन घर बांधून राहणाऱ्यानें जातांना आपलें गवत, लांकूड व विटा न्याव्या, अशी मुभा दिली आहे. मात्र पावतीविषयीं स्पष्ट वचन पाहिजे असेल तर याज्ञवल्क्याच्या लेख्यप्रकरणाकडे वळलें पाहिजे. ऋणको जसजसें देत जाईल तसतसें त्यानें लेखाच्या पाठीवर लिहावें, किंवा धनकोनें स्वतःच्या हस्ताक्षराच्या खुणेनें ‘उपगत’ द्यावें, असें तेथें सांगितलें आहे. हें वचन कर्जाचें आहे, भाड्याचें नव्हे, हें मी विसरत नाहीं; तथापि हप्त्याहप्त्यानें दिलेल्या पैशाचा पुरावा देणाऱ्याच्या हातीं राहावा, हें तत्त्व दोहोंकडे एकच आहे. मराठी ‘पावती’ ही ‘पावणें’ या धातूपासून निघाली, आणि उपगत शब्दाचा अर्थहि जवळ पोंचलेलें असाच होतो. ज्याला पैसा पावला त्यानें ‘पावला’ म्हणून लिहून द्यावें, एवढेंच तिचें स्वरूप.

आतां मराठवाड्यांतील कागदांविषयीं. 1948 पर्यंत आमचा हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. त्यामुळें येथील भाडेचिठ्ठी वाचणारास दोन अडचणी येतात. पहिली नाण्याची. रकमेपुढें ‘हाली’ किंवा ‘कलदार’ असा शब्द असल्यावांचून तिचा अर्थ लागत नाहीं. हाली म्हणजे हैदराबादचा सिक्का, कलदार म्हणजे इंग्रजी रुपया. सुमारें 116 रुपये 10 आणे 8 पै हाली म्हणजे 100 रुपये कलदार, असा भाव धरीत. बार्शीकडील व्यापारी मालक असला तर तो भाडें कलदारांत मागावयाचा आणि भाडेकरूच्या हातीं मात्र हाली यावयाचे, असा प्रसंग सरहद्दीवरच्या गांवांत सहज संभवतो. बट्टा कोणाच्या माथीं बसला, हें त्या एका शब्दावरून कळतें. दुसरी अडचण सालाची. फसली वर्ष आझूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबराच्या आरंभीं, सुरू होई; म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांकरितां फसली आंकड्यांत 590 व पुढील महिन्यांकरितां 591 मिळवावे लागतात. हा भेद न पाळल्यामुळें एक वर्षाची चूक झालेलीं टांचणें माझ्या स्वतःच्या वह्यांत आहेत.

परंतु घरभाड्याच्या इतिहासांतील मोठें प्रकरण आमच्या गांवीं घडलें नाहीं. तें मुंबईस घडलें. बार्शी लाइट रेल्वे 1911 सालीं लातूरपर्यंत आली, आणि मुरुडच्या माणसास कुर्डुवाडीवरून मुंबईची वाट मोकळी झाली. मुंबईंत 1896 च्या प्लेगानंतर 1898 सालीं सुधार ट्रस्ट स्थापन झाला. पुढें 1920 सालीं गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दींत सरकारनें डेव्हलपमेंट खातें उघडलें. कापसावर कर बसवून कामगारांकरितां 50,000 खोल्या बांधण्याचा संकल्प होता. प्रत्यक्षांत वरळीस 121, नायगांवास 42, डिलाईल रोडवर 32 व शिवडीस 12 मिळून 207 चाळी उभ्या राहिल्या. प्रत्येक चाळ तळमजल्यावर तीन मजल्यांची, तींत 80 खोल्या, व खोली सुमारें 160 चौरस फुटांची. या बी. डी. डी. चाळी म्हणून प्रसिद्ध आहेत. खुद्द सरकार मालक झालें, तरी आरंभीं कित्येक वर्षें खोल्या मोठ्या संख्येनें रिकाम्या पडल्या होत्या.

येथें भाडेवसुलीचा मुद्दा येतो. लंडनमध्यें ऑक्टेव्हिया हिल या बाईनें 1865 सालीं मॅरिलबोन भागांतील कांहीं पडकीं घरें जॉन रस्किनच्या पैशानें घेऊन गरिबांस भाड्यानें दिलीं. तिची पद्धत अशी कीं, वसुली करणाऱ्या स्त्रियांनीं आठवड्यास दारोदार जावें, भाडें घ्यावें, दुरुस्तीची गोष्ट तेथेंच ऐकावी आणि दोन पैसे शिल्लक टाकावयाचे असतील तर तेहि लिहून घ्यावे. भांडवलावर शेंकडा पांच टक्के व्याज सुटलें पाहिजे, हा तिचा कटाक्ष होता. दानधर्माचा हिशेब तिनें त्यांत मिसळूं दिला नाहीं. या बाईंची शिस्त कांहींशी करडी होती, आणि सर्वच भाडेकरूंस ती रुचली असेल असें नाहीं. परंतु तिची पद्धत चालली याचें एक कारण असें कीं, तेथील मजुराच्या हातीं आठवड्यास पैसा येत असे. मुंबईच्या गिरणींत पगार महिन्याचा, आणि तोहि महिना संपल्यावर दहापंधरा दिवस अडकून राहावयाचा. 1936 च्या पगारविषयक कायद्यानें ही मुदत हजाराहून कमी कामगार असतील तेथें सात दिवस व इतरत्र दहा दिवस ठरविली. तोंवर नव्या कामगारास पहिले सहा आठवडे वाण्याच्या उधारीवर व पठाणाच्या व्याजावर काढावे लागत. पगार हातीं आला कीं पठाण फाटकाशीं उभा. वाणी न दिल्यास दाणे बंद करणार. भाडें मागें पडलें तर तें आळसानें पडलें, असें म्हणण्यापूर्वीं हा क्रम ध्यानीं घ्यावा.

म्हणून पावती वाचतांना तिच्यावरील दोन तारखा पाहाव्या : भाडें कोणत्या महिन्याचें, आणि तें पोंचलें केव्हां. पन्नास पावत्या ओळीनें लावल्या तर या दोहोंतील अंतरांत त्या घराचा आजार, लग्नकार्य, संप, गांवीं जाऊन राहणें हीं सर्व उमटलेलीं दिसतात. 1928 च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्यांचा संप चालला. त्या सालच्या पावत्या कोणाच्या संग्रहांत असतील तर त्यांकडे या दृष्टीनें अवश्य पाहावें.

तिसरी गोष्ट नांवाची. पावतीवर नांव एकाचें, खोलींत माणसें दहा. पोटभाडेकरू, खानावळींतले गडी, गांवाकडून आलेला भाचा, यांपैकीं कोणीहि कागदावर नाहीं. आणि घरधन्याची बायको तर नाहींच नाहीं. 1947 च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानें मालकावर भाड्याची लेखी पावती देण्याचें बंधन घातलें. मराठवाड्यास हा कायदा नव्हता. येथें 1954 चा हैदराबादचा कायदा चाले, आणि 31 मार्च 2000 पासून सर्व महाराष्ट्रास 1999 चा एकच कायदा लागू झाला. त्यांतहि पावतीचें बंधन आहे.

कायदा असला तरी पावती मिळतेच असें नाहीं, याचा अनुभव मला स्वतःला आहे. नोकरीच्या आरंभीं मी मुरुडांत दोन खोल्या भाड्यानें घेऊन अकरा वर्षें राहिलों. भाडें एकदांहि चुकविलें नाहीं; पावती एकदांहि मिळाली नाहीं. मागितली कीं मालक म्हणत, “गुरुजी, आपल्यांत कागद कशाला?” पुढें बँकेंत खातें उघडावयास गेलों तेव्हां राहत्या घराचा पुरावा विचारला, आणि तो माझ्याजवळ नव्हता. शाळेच्या शिक्क्याच्या पत्रावर माझें काम भागलें. शेजारच्या खोलींत राहणाऱ्या हमालाचें भागलें नाहीं. त्याची शिल्लक भिशींतच राहिली, आणि ती भिशी एका दिवाळीस बुडाली.

याच्या उलट उदाहरण माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरचें. त्याचा आजा मुरुडजवळच्या खेड्यांतून गिरणींत गेला व वरळीच्या चाळींत त्यास खोली मिळाली. तो वारल्यावर खोलीवर भाऊबंदांनीं हक्क सांगितला. आजीस अक्षर येत नव्हतें. परंतु तिनें प्रत्येक पावती सुतळींत ओंवून ट्रंकेंत ठेवली होती, आणि तिच्या मतें दिवा लावणें व पावती ओंवणें हीं दोन्हीं सारख्याच नेमाचीं कामें. त्या माळेच्या जोरावर खोली तिच्या नांवावर झाली. बी. डी. डी. चाळींच्या पुनर्विकासाचें भूमिपूजन 2017 सालीं झालें, व 2025 च्या ऑगस्टांत वरळींतील पहिल्या 556 कुटुंबांस 500 चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. अशा वेळीं पात्रता ठरते ती कागदावर.

2014 च्या जनधन योजनेपासून खातें उघडणें पुष्कळ सुलभ झालें. आमच्या गांवांतील घरकुलाचा हप्ताहि जोतें, छत अशा पायऱ्यांनीं सरळ खात्यांतच येतो. भाडेंहि आतां फोनवरून जातें. हें सोयीचें आहे, परंतु त्यामुळें सुतळींत ओंवण्यासारखें कांहीं उरत नाहीं, आणि घर रिकामें करतांना जुन्या माळा प्रथम टाकल्या जातात. संग्राहकांस विनंति इतकीच कीं, अशी माळ हातीं आल्यास ती सोडून पावत्या आकारानुसार किंवा शिक्क्यानुसार निवडूं नयेत. ओंवण्याचा क्रम हाच पुष्कळदां तारखेचा क्रम असतो, आणि जेथें तारीख पुसली आहे तेथें दुसरा आधार नाहीं. गंजलेल्या टांचण्या मात्र काढाव्या, पाठीवर पेन्सिलीनें क्रमांक घालावा, आणि पाठ कोरी दिसली तरी उजेडासमोर धरून पाहावी. आजीच्या माळेंतील सात पावत्यांच्या पाठीवर कोळशाच्या बारीक रेघा आहेत. त्या वाण्याच्या उधारीच्या असाव्या, असा माझा तर्क आहे. विद्यार्थ्याचें म्हणणें, त्या दुधाच्या आहेत.