सैल पट्ट्याचे घड्याळ

वडिलांच्या पश्चात् त्यांचे रोलेक्स ‘डेटजस्ट’ घड्याळ आमच्या मनगटावर आले. १९४५ साली या घड्याळाबरोबरच निघालेल्या ‘ज्युबिली’ धाटणीचा त्याचा पट्टा इतका सैल होता की, हात खाली सोडताच घड्याळ तळहाताकडे घसरे. आम्ही घाईने एक कडी काढविली. पट्टा मनगटाला काचू लागला, पण त्याचा खिळखिळेपणा गेला नाही.

सैलपणा दोन प्रकारचा असतो. पट्टा केवळ लांब असेल, तर कुलपातील स्प्रिंगची काडी पुढील छिद्रात बसवावी, अथवा कडी काढून ती जपून ठेवावी. परंतु तबकडी बाजूस करून घड्याळ धरले असता आडवा पट्टा कमानीसारखा झुकला, तर कड्या व खिळी झिजल्या असे समजावे. धूळ आणि घाम यांचा मळ कानशीसारखा धातू खातो. अशी झीज कुशल कारागिराकडूनच दुरुस्त करून घ्यावी. पट्टा घड्याळापासून सोडवून अधूनमधून कोमट साबणपाण्यात मऊ ब्रशाने धुतल्यास झीज मंदावते.

वडिलार्जित ठेव सांभाळणाऱ्याने तिची किंमत जाणावीच. पण ती कोणत्या बारीकशा काडीच्या आधारे हातावर टिकून आहे, हेही वेळोवेळी पाहावे.