पळस : त्याची पानगळ, फुलोरा व शाळेच्या आवारातील लागवड

ऋतुचक्राचा पाठ शिकविताना ‘शिशिरात पानगळ, वसंतात पालवी’ असा क्रम सांगितला जातो. ढोबळ मानाने तो खरा असला, तरी प्रत्येक वृक्षाची रीत निराळी असते, व ती पुस्तकात न पाहता झाडावरच पाहिली पाहिजे. याकरिता पळसासारखे सोयीचे झाड क्वचितच मिळेल. माळरान, शेताचा बांध, काळी अगर खारवट जमीन अशा सर्व ठिकाणी तो तग धरतो. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण मुलांस ठाऊक असते. परंतु ही तीन पाने नसून एकाच संयुक्त पानाची तीन दले आहेत, हे प्रथम त्यांच्या ध्यानी आणून द्यावे.

पानगळ कशासाठी?

पावसाळ्यात पळस दाट हिरवा असतो. हिवाळा सरता सरता पाने पिवळसर पडून गळू लागतात. पानांच्या सूक्ष्म रंध्रांवाटे पाणी सतत वाफेच्या रूपाने बाहेर जात असते. जमिनीतील ओल कमी झाली की हा खर्च झाडास परवडत नाही. म्हणून पानांतील पोषक द्रव्यांचा बराच भाग झाड फांद्यांत परत ओढून घेते, देठाच्या बुडाशी एक नाजूक थर तयार होतो व पान तेथून सुटते. म्हणजे पानगळ हे झाडाच्या मरणाचे लक्षण नसून काटकसरीचे लक्षण आहे.

फुले, पालवी व शेंगा

उघड्या फांद्यांवर काळपट, मखमली कळ्यांचे घोस दिसू लागतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये केशरी फुलांनी झाड भरून जाते. फुलाची एक पाकळी पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली असते. पाने आड येत नसल्याने फुलोरा दुरूनही दिसतो. मधाच्या ओढीने शिंजीर, मैना, बुलबुल असे पक्षी येतात व परागकण एका फुलावरून दुसऱ्यावर नेतात. मात्र फुलण्यासाठी पाने गळावीच लागतात असे नव्हे. हिमालयातील बुरांस हा सदाहरित वृक्ष भर पानांतच लाल फुलतो.

फुले ओसरल्यावर, भर उन्हाळ्यात, पावसाचा थेंबही नसताना पळसाला कोवळी, लवदार पालवी फुटते. खोल गेलेली मुळे व खोडातील साठा यांच्या बळावर हे घडते. पाऊस येईतो झाड पानांनिशी सज्ज असते. उन्हाळ्यातच चपट्या शेंगा पिकतात. प्रत्येक शेंगेच्या टोकाशी एकच बी असते व उरलेला भाग पंखासारखा असल्याने शेंग वाऱ्यावर उडून जाते. ‘ब्यूटिया मोनोस्पर्मा’ या शास्त्रीय नावातील दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘एकबीजी’ असाच आहे.

लागवड

शेंगा पिकण्याचा काळ बहुधा उन्हाळी सुटीत येतो. म्हणून त्या गोळा करण्याचे काम सुटीपूर्वीच मुलांवर सोपवावे. बी ताजे असावे, कारण जुन्या बियांची उगवणशक्ती कमी होते. मूळ लवकर खोल जात असल्याने रोप उपटून दुसरीकडे लावण्यापेक्षा पावसाच्या आरंभी नेमल्या जागीच बी टोकणे बरे. एका जागी दोन बिया सुमारे 1 इंच खोल टोकाव्यात व पुढे जोमदार रोप ठेवून दुसरे काढावे. पहिली काही वर्षे काटेरी कुंपण व उन्हाळ्यात थोडे पाणी आवश्यक आहे. वाढ सावकाश होते. फुलांसाठी अनेक वर्षे वाट पाहावी लागते.

येथे एक धोका आहे. उन्हाळ्यात निष्पर्ण झालेले, शेंडा वाळलेले रोप ‘मेले’ असे समजून उपटले जाते आणि मुलांचे वर्षाचे श्रम वाया जातात. अशा वेळी नखाने साल किंचित खरवडून पाहावी. आत हिरवे दिसल्यास रोप जिवंत आहे. खोड वाळले असले तरी मूळ जिवंत असू शकते; म्हणून पावसाळ्याचा पहिला महिना उलटेपर्यंत रोप काढू नये. मोठ्या झाडाच्या फांद्याही कळ्या धरण्याच्या सुमारास तोडू नयेत. नाहीतर त्या वर्षीचा फुलोरा जातो.

वर्गात करावयाचे काम

गावातील एक झाड निवडून त्याच्या एका फांदीस दोरा बांधावा. दर शनिवारी दोन मुलांनी तीच फांदी पाहून तारीख, पाने, कळ्या, फुले, शेंगा व आलेले पक्षी यांची नोंद तक्त्यात करावी. सुटीत ही जबाबदारी जवळ राहणाऱ्या मुलांकडे द्यावी. निरीक्षणासाठी गळलेलीच फुले घ्यावीत. ओढ्याकाठचे झाड व मुरमाड माळावरचे झाड यांच्या तारखांत फरक पडल्यास तो पुसून टाकू नये. तो का पडला, हे मुलांनाच विचारावे. तक्ता दरवर्षी जपून ठेवावा, म्हणजे पुढील वर्गास मागील वर्षाशी तुलना करता येईल. जे पुस्तकात आहे ते नव्हे, तर जे दिसले तेच लिहावयाचे, ही सवय या कामातून लागली पाहिजे.