उसात ट्रॅक्टर रुतला तर? सोबत ठेवा सुट्या दांड्याचं खोरं

बर्फात स्नोमोबाइल चालवणारे रुतल्यावर बाहेर पडायला सुटं होणारं फावडं जवळ ठेवतात. मुरगूडला वेदगंगाकाठच्या ओल्या रानात ऊस भरणाऱ्या ट्रॅक्टरलाही तशीच गरज पडते.

कसं बनवायचं?
जुन्या खोऱ्याचं पातं घ्या, अडीच फुटी दांडा बसवा. पात्याचं कडं आणि दांडा यांतून आरपार भोक पाडून पाचरीऐवजी नट-बोल्ट लावा. खर्च फक्त दांड्याचा आणि बोल्टचा. बोल्ट काढून दोन्ही भाग पोत्यात गुंडाळून ठेवा.

कसं वापरायचं?
रेस वाढवू नका. चाकं आणखी रुततात, ट्रॅक्टर मागे उलटू शकतो. चाकाला ओंडका बांधणं तर जीवघेणं. ब्रेक लावून इंजिन बंद करा, ट्रॉली सोडवा. मागच्या चाकांच्या मागे उतार खणून पोतं, पाचट अंथरा आणि हळू रिव्हर्समध्ये निघा. तरी निघाला नाही, तर दुसरा ट्रॅक्टर बोलवा.