पांढरीचे घर, काळीवरची खोली

गावाच्या वस्तीच्या जागेला 'पांढरी' आणि शेतजमिनीला 'काळी' म्हणण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या भिंती पडल्या, पुन्हा उभ्या राहिल्या, चुलींची राख त्यांत मिसळत गेली आणि वस्तीखाली फिकट रंगाची माती साचली. घर पांढरीवर आणि पीक काळीवर, अशी ही वाटणी होती.

आता गावे वाढली आहेत. नवे प्लॉट पडतात ते काळीवर. जुन्या घराला परसात खोली जोडायची म्हटली तरी तिचा पाया पुष्कळदा काळ्या मातीत जातो. मग दोन-तीन पावसाळ्यांनंतर तक्रार ऐकू येते : "खोली नवी, पण भिंतीला भेग गेली!" दोष गवंड्याला दिला जातो, सिमेंटला दिला जातो. खरे कारण बहुधा त्या दोघांच्याही खाली, जमिनीत असते. ते काय आहे आणि त्यावर उपाय कोणता, हे एक लहानशी खोली कागदावर बांधून आपण पाहू या.

काय हवे आहे?

समजा, तुमचे घर बुलढाणा जिल्ह्यात घाटाखाली, नांदुरा तालुक्यातल्या एखाद्या गावात आहे. घरात पाच माणसे. आजोबांचे गुडघे दुखतात. रात्री कंदील घेऊन परसातल्या संडासापर्यंत जाणे त्यांना जड जाते. आईचे शिलाई मशीन ओसरीवर आहे. पाऊस आला की कापडासकट ते आत ओढावे लागते. तुमच्या ताईचे दहावीचे वर्ष आहे आणि तिला अभ्यासाला स्वतंत्र कोपरा नाही. घराच्या पश्चिमेला थोडी मोकळी जागा आहे. तेथे संडास-न्हाणी आणि कामाची खोली बांधायचे घरच्यांनी ठरवले आहे.

खोलीचे आतील माप ४.२ मीटर लांब (पूर्व-पश्चिम) आणि ३ मीटर रुंद (दक्षिणोत्तर) धरू. पश्चिमेकडचा १.५ मीटरचा पट्टा न्हाणीसाठी, मध्ये ०.१ मीटर जाडीची भिंत आणि उरलेली २.६ मीटर लांबीची खोली कामासाठी. पश्चिमेच्या पट्ट्यातही न्हाणी २ मीटर लांबीची पुरे. तिचे क्षेत्रफळ १.५ × २ = ३ चौरस मीटर होते. संडास व न्हाणी एकत्र असतील तर किमान २.८ चौरस मीटर जागा असावी, असे आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत सांगितले आहे. मधली भिंत वजा जाता राहिलेली ०.९ मीटरची जागा फळ्या ठोकून सामानाला वापरता येईल.

न्हाणी पश्चिमेलाच का? उन्हाळ्यात दुपारनंतरचे ऊन तिरपे होऊन पश्चिमेच्या भिंतीवर थेट आदळते. तेथे छज्जा फारसा उपयोगी पडत नाही, कारण सूर्य छज्ज्याच्या खालून डोकावतो. तापलेली भिंत रात्री उशिरापर्यंत उष्णता आत सोडत राहते. न्हाणीत माणूस दिवसातून थोडाच वेळ असतो. तेव्हा ती उष्णता तिनेच झेलावी. शिवाय उन्हामुळे न्हाणी लवकर वाळते.

दक्षिणेची खिडकी मात्र भीतिदायक नाही. बुलढाणा सुमारे २०.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ जूनच्या सुमारास भर दुपारी सूर्य डोक्यावरून ३ अंश उत्तरेलाच कललेला असतो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येत नाही. २२ डिसेंबरला तो क्षितिजापासून ४६ अंशांवर असतो. खिडकीवर लगतच ४५ सेंटिमीटरचा छज्जा काढला, तर त्या दिवशी दुपारी त्याची सावली खिडकीवर सुमारे ४७ सेंटिमीटर खाली येईल. खिडकी १२० सेंटिमीटर उंच असेल, तर उरलेल्या भागातून थंडीतले ऊन आत येईल. शिलाई मशीन आणि टेबल उत्तरेच्या खिडकीशी ठेवावे; तेथला उजेड दिवसभर जवळजवळ सारखा राहतो.

येथवर काम सोपे झाले. आता खाली जमिनीकडे वळू.

फुगणारी, आकसणारी माती

काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट या जातीची चिकणखनिजे असतात. त्यांचे कण म्हणजे अतिशय पातळ थरांच्या चळती. पाणी या थरांमध्ये शिरते, त्यांना एकमेकांपासून दूर ढकलते आणि माती फुगते. पाणी निघून गेले की थर जवळ येतात आणि माती आकसते. उन्हाळ्यात वावरात पडलेल्या, हात जाईल एवढ्या भेगा तुम्ही पाहिल्याच असतील. हा त्रास केवळ आपल्याकडे नाही. सुदानमध्ये आणि अमेरिकेतील टेक्सासमध्येही अशा जमिनी आहेत.

सगळी जमीन एकाच वेळी, सारखीच वर-खाली झाली असती तर घराचे फारसे बिघडले नसते. पाण्यावरची नाव लाटेबरोबर उचलली जाते, तसे ते उचलले गेले असते. भिंत फुटते ती एक कोपरा उचलला जातो आणि दुसरा जागेवर राहतो तेव्हा. म्हणजे घराला ओलीपेक्षा ओलीतला फरक बाधतो.

आता आपल्या नकाशाकडे पुन्हा पाहा. आपण घराच्या एका टोकाला न्हाणी ठेवली आहे. तेथे रोज पाणी सांडणार. फरशीच्या सांध्यातून, नळीच्या तड्यातून ते जमिनीत उतरले, तर पश्चिमेचा कोपरा बारमाही ओला राहील आणि पूर्वेकडची माती उन्हाळ्यात वाळेल. म्हणजे नेमका तो घातक फरक आपणच तयार करू!

करून पाहा

तुमच्या जागेतील माती किती फुगते हे शाळेच्या प्रयोगशाळेत पाहता येईल. पाया जेवढा खोल जाणार असेल तेथली माती आणा. ती वाळवा, कुटा आणि बारीक चाळणीने चाळा. १०० मिलिलिटरचे दोन मापपात्र घ्या. प्रत्येकात १० ग्रॅम माती घाला. एकात १०० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत पाणी आणि दुसऱ्यात तितकेच रॉकेल ओता. हे काम शिक्षकांच्या देखरेखीखाली, विस्तवापासून दूर करा. काडीने ढवळून हवेचे बुडबुडे बाहेर काढा आणि २४ तास ठेवा.

रॉकेलमध्ये माती फुगत नाही; तेथील मातीचे आकारमान हे तिचे मूळ आकारमान. पाण्यातल्या आकारमानातून ते वजा करा, वजाबाकीला मूळ आकारमानाने भागा आणि १०० ने गुणा. समजा, रॉकेलमध्ये माती १० मिलिलिटर आणि पाण्यात १८ मिलिलिटर झाली, तर फुगवटा ८० टक्के. ५० टक्क्यांच्या आत फुगणारी माती फारशी त्रासदायक नसते. ५० ते १०० टक्के फुगणारी माती मध्यम आणि १०० टक्क्यांच्या वर फुगणारी माती फार सांभाळण्याची समजावी.

पाया कोठे टेकवावा?

घाटावर, बुलढाणा-चिखलीच्या बाजूला, अनेक ठिकाणी काळ्या मातीचा थर पातळ असतो आणि खाली मुरूम लागतो. तेथे काळी माती पूर्ण काढून पाया मुरुमावर टेकवणे हा उत्तम मार्ग. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात मात्र माती पुष्कळ खोल असते. मुरूम मिळेपर्यंत खणणे परवडत नाही.

तेथे एक वेगळी युक्ती कामी येते. ऋतूनुसार ओल बदलते ती वरच्या थरात. सुमारे साडेतीन मीटर खोलीवर ती बहुतेक वर्षभर सारखीच राहते. रुरकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशा जमिनींसाठी तळाशी फुगीर असलेल्या काँक्रीटच्या खांबांचा, म्हणजे 'अंडर-रीम्ड पाइल'चा, विशेष अभ्यास केला आहे. जमिनीत अरुंद भोक पाडून तळाशी ते साधारण अडीचपट रुंद करतात आणि सळ्या घालून काँक्रीट ओततात. वरची माती फुगून खांबाला वर ओढू लागली, तरी खालचा कांदा त्याला घट्ट धरून ठेवतो. खांबांच्या डोक्यांवर तुळई टाकतात आणि तिच्याखाली थोडी पोकळी ठेवतात. माती फुगली तर त्या पोकळीत फुगेल, तुळईला ढकलणार नाही. हे काम जाणकार अभियंत्याच्या सल्ल्यानेच करावे.

जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव या खारपाणपट्ट्याच्या भागात आणखी एक पथ्य आहे. खाऱ्या पाण्याने सळ्या गंजतात आणि विटांना लोणा लागतो. म्हणून काँक्रीट कालवायला आणि त्यावर मारायला गोडे पाणीच वापरावे.

जुन्या-नव्याची सोयरीक

जुने घर आपल्या ओझ्याने जमिनीत जेवढे बसायचे तेवढे बसून गेलेले असते. नवी खोली आता बसणार. नवी भिंत जुन्या भिंतीत दात काढून गुंफली, तर नवी खाली जाताना जुनीला ओढते आणि दोघीही फुटतात. म्हणून दोन्ही बांधकामे वेगळी ठेवावीत. जुन्या भिंतीला लागून नव्या खोलीची स्वतःची भिंत घ्यावी, दोन्हींमध्ये २० ते २५ मिलिमीटरची फट ठेवावी, ती डांबरी फळीसारख्या दबणाऱ्या पदार्थाने भरावी आणि वरून पट्टी लावावी. पट्टीचे खिळे एकाच भिंतीत ठोकावेत. नवा स्लॅबही जुन्या भिंतीवर टेकवू नये. मुद्दाम ठेवलेली ही सरळ फट म्हणजे पुढची वेडीवाकडी भेग टाळण्याचा उपाय होय.

वजनाचाही विचार करावा. ५०० लिटरची टाकी भरली की ५०० किलोग्रॅम ओझे होते. ते एका कोपऱ्यावर न ठेवता न्हाणी आणि खोली यांच्यामधल्या भिंतीजवळ ठेवावे आणि त्या भिंतीलाही पाया द्यावा.

पाणी घरापासून दूर

न्हाणीच्या फरशीला दर मीटरला २ सेंटिमीटर उतार द्या. आंघोळीचे पाणी बंद नळीने घरापासून दूर केळी-अळूच्या वाफ्याकडे न्या. नळी भिंतीतून जाते तेथे भोक थोडे मोठे ठेवा, म्हणजे जमीन हलली तरी नळी तुटणार नाही. घराभोवती दीड ते दोन मीटर रुंदीचा, बाहेर उतरता, पाणी न मुरणारा पट्टा करा. त्यामुळे पायाजवळची माती पावसाळ्यात फार भिजत नाही आणि उन्हाळ्यात फार वाळत नाही. झाडेही मातीतली ओल ओढतात. म्हणून कडुनिंबासारखे झाड वाढून जेवढे उंच होईल, साधारण तेवढे अंतर भिंतीपासून ठेवावे.

संडासासाठी दोन खड्ड्यांची पद्धत चांगली. एक खड्डा भरला की पाणी दुसऱ्याकडे वळवतात; पहिल्यातील मैल्याचे दोनेक वर्षांत खत होते. खड्ड्यातले पाणी भोवतालच्या जमिनीत मुरावे लागते आणि येथेही काळी माती अडवते. वाळूच्या जमिनीत एका चौरस मीटरमधून रोज सुमारे ५० लिटर पाणी मुरते असे धरतात. काळ्या मातीत केवळ १० लिटर. माणशी १० लिटरप्रमाणे पाच जणांचे ५० लिटर पाणी मुरवायला काळ्या मातीत ५ चौरस मीटर बाजू हवी. खड्ड्याचा व्यास १.२ मीटर घेतला तर परीघ सुमारे ३.७७ मीटर. ५ ला ३.७७ ने भागले की खोली येते सुमारे १.३ मीटर. वाळूच्या जमिनीत यासाठी अर्धा मीटरही पुरला असता. आंघोळीचे पाणी या खड्ड्यात का सोडू नये, हे आता तुमच्या लक्षात आले असेल. खड्ड्याच्या जाळीदार बांधकामाबाहेर ३० सेंटिमीटर जाडीचा वाळूचा किंवा बारीक खडीचा थर भरावा, म्हणजे फुगलेली माती विटांवर दाबत नाही. खड्डे पायापासून, जागा असेल तेवढे दूर असावेत आणि पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून निदान १५ मीटर, तेही उताराच्या खालच्या अंगाला.

तुमचे काम

आलेखाच्या कागदावर १ मीटरला २ सेंटिमीटर हे प्रमाण घ्या. आपली खोली ८.४ × ६ सेंटिमीटरची होईल. पण ती काढण्याआधी कागदावर चार गोष्टी मांडा : उत्तर दिशा, जमिनीचा उतार, विहीर आणि मोठी झाडे. पावसात छत्री घेऊन परसात उभे राहा आणि पाणी कोठून येते, कोठे साचते हे बाणांनी दाखवा. खोलीच्या भिंती त्यानंतर काढा. तो कागद वडिलांना, गवंड्याला आणि परवानगीसाठी ग्रामपंचायतीत जाल तेव्हा तेथेही दाखवा.

काळी माती वाईट नाही. जी ओल धरून ठेवण्याच्या गुणामुळे ती कपाशी पोसते, त्याच गुणामुळे ती भिंत हलवते. तिच्या स्वभावाप्रमाणे बांधले, तर आजोबांना रात्री कंदील घ्यावा लागणार नाही आणि ताईच्या टेबलामागची भिंतही शाबूत राहील.