मुक्ती सदन, केडगाव : दुष्काळातून उभी राहिलेली वस्ती

पुणे-सोलापूर महामार्गावर पाटस मागे टाकल्यावर लागणारे कुरकुंभ आज मुख्यतः रसायने आणि औषधे बनवणाऱ्या कारखान्यांच्या औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते, आणि पंचक्रोशीतील भाविकांना ते फिरंगाई देवीचे गाव म्हणून ठाऊक आहे. येथून उत्तरेला दौंड जंक्शनकडे आणि दक्षिणेला बारामतीकडे रस्ते फुटतात, त्यामुळे बहुतेक प्रवासी या गावात थांबतात ते दिशा बदलण्यापुरते. याच महामार्गाने पुण्याच्या दिशेने पाटस, वरवंड ही गावे ओलांडून पंचवीस-तीस किलोमीटर गेल्यावर चौफुला येतो, आणि तेथून उत्तरेकडे वळणारा रस्ता केडगावला, म्हणजे पुणे-दौंड लोहमार्गावरील एका मध्यम आकाराच्या स्थानकाच्या गावाला नेतो. केडगाव म्हटले की भाविकाला नारायण महाराजांचे बेट आठवते, शेतकऱ्याला गूळ-कांद्याचा बाजार आठवतो, शौकिनाला चौफुल्याची संगीतबारी आठवते; पंडिता रमाबाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वसवलेले आणि आजही नांदते असलेले मुक्ती सदन या यादीत बरेच उशिरा येते.

हा सारा भाग जुन्या भीमथडीचा. भीमा नदीच्या काठाने पसरलेला हा पट्टा एके काळी काटक तट्टांसाठी प्रसिद्ध होता, पण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे पाऊस त्याला नेहमीच हात राखून मिळाला. सावकारांच्या कर्जखतांविरुद्ध १८७५ मध्ये झालेल्या शेतकऱ्यांच्या उठावाची ठिणगी याच परिसरातील सुपे येथे पडली आणि त्यानंतर वर्ष-दीड वर्षातच दख्खनचा मोठा दुष्काळ आला. खडकवासल्याचे पाणी मुठेच्या उजव्या कालव्याने इकडे पोहोचल्यानंतर उसाची आणि गुऱ्हाळांची हिरवी पट्टी तयार झाली खरी, पण मुक्ती सदन समजून घ्यायचे तर आजचा ऊस बाजूला सारून दुष्काळच डोळ्यांपुढे ठेवावा लागतो, कारण ही संस्था दुष्काळातून जन्मली आणि तिची संस्थापिकाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकवले, त्यासाठी सनातन्यांचा रोष पत्करला, आणि पुढे हे कुटुंब तीर्थक्षेत्रांतून पुराणे सांगत फिरू लागले. पुराणिक, म्हणजे देवळात किंवा घाटावर बसून ग्रंथवाचन करणारा आणि श्रोत्यांच्या दक्षिणेवर जगणारा विद्वान. दुष्काळात श्रोत्याच्याच घरात दाणा नसतो, तेव्हा दक्षिणा सर्वांत आधी आटते. १८७४ पासूनच्या त्या काळात आई, वडील आणि बहीण एकामागून एक गेली, आणि रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास पायी भटकत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तेथील पंडितांनी या विशीतल्या तरुणीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढचे टप्पे चरित्रग्रंथांतून परिचित आहेत : १८८० मध्ये बिपिनबिहारी दास मेधावी या शूद्र गणल्या गेलेल्या वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह, १८८१ मध्ये कन्या मनोरमेचा जन्म, १८८२ मध्ये वैधव्य, त्याच वर्षी पुण्यात आर्य महिला समाजाची स्थापना आणि हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष, १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्माचा स्वीकार, १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी अमेरिकेला प्रयाण आणि १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे गाजलेले इंग्रजी पुस्तक.

या टप्प्यांपेक्षा केडगावच्या संदर्भात अधिक मोलाची आहे ती त्यांनी स्वतःच्या दुष्काळाबद्दल नंतर लिहून ठेवलेली कबुली. हजारो श्लोक मुखोद्गत असलेल्या त्या कुटुंबाला भीक मागण्याची लाज वाटत होती, अंगमेहनतीचे काम कमीपणाचे वाटत होते, आणि प्रामाणिकपणे चार पैसे मिळवून देणारे कोणतेही कसब हाताला नव्हते. विद्येने भरलेले घर उपाशी मरू शकते, हा धडा रमाबाईंनी पुस्तकातून घेतला नव्हता. मुक्ती सदनाची मांडणी पाहताना ही कबुली हाताशी ठेवली, तर धर्मसंस्थेच्या आवारात शेतमळा, तेलाचा घाणा, हातमाग आणि छापखाना का होता, हे वेगळे सांगावे लागत नाही.

अमेरिकेतून परतल्यावर रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केले. केशवपन करून, म्हणजे डोक्याचे केस काढून, घराच्या कोपऱ्यात ठेवल्या जाणाऱ्या उच्चवर्णीय बालविधवांना शिक्षण देणारे ते वसतिगृह होते आणि बॉस्टन येथील रमाबाई असोसिएशनने त्यासाठी दहा वर्षे आर्थिक साहाय्य देण्याचे ठरवले होते. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, ज्या १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या. ‘माझे पुराण’ हे त्यांचे आत्मकथन मराठी वाचकाला परिचित आहे. १८९० मध्ये सदन पुण्यात आले आणि तीन वर्षांत वादात सापडले. संस्थेत धर्मप्रसार होणार नाही, असे आश्वासन होते. रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेला काही मुली स्वखुशीने बसतात, हे उघड झाल्यावर ‘केसरी’ने कठोर टीका केली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पुण्याच्या सुधारक वर्तुळाशी रमाबाईंचा संबंध त्यानंतर पूर्वीसारखा राहिला नाही. जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ मध्येच ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली होती, ही गोष्ट या वादाच्या कथनात पुष्कळदा गाळली जाते.

केडगावची सुमारे शंभर एकर जमीन रमाबाईंनी घेतली ती या पार्श्वभूमीवर. अमेरिकेची दहा वर्षांची मदत १८९८ च्या सुमारास संपणार होती, आणि फळबागेच्या उत्पन्नावर शारदा सदन स्वतःच्या पायावर उभे राहावे, असा साधा व्यवहारी हिशेब त्यामागे होता. तो हिशेब दुष्काळाने उधळला. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात, म्हणजे आजच्या मध्य प्रदेशाच्या व विदर्भालगतच्या मुलखात, उपासमार सुरू झाल्यावर रमाबाई स्वतः तेथे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व तरुण विधवा घेऊन आल्या. त्याच वेळी पुण्यात प्लेगची साथ असल्याने इतक्या जणींना शहरात ठेवणे शक्य नव्हते, तेव्हा त्यांना केडगावच्या शेतावर तात्पुरत्या निवाऱ्यात उतरवण्यात आले. बाग म्हणून घेतलेली जागा अशी वस्ती झाली आणि तिला ‘मुक्ती’ हे नाव मिळाले. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर या वस्तीतील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या माणसांचे पाणी, धान्य, कपडे, आजारपण आणि शिस्त सांभाळणे म्हणजे एक लहानसे गाव चालवणे होते, आणि ते गाव चालवणाऱ्या जवळजवळ सगळ्या स्त्रियाच होत्या.

या गावाचा नकाशा त्यातील सदनांच्या नावांवरून वाचता येतो. शारदा सदन शिकणाऱ्या विधवांसाठी होते आणि पुढे तेही पुण्याहून येथेच आले. कृपा सदन हे फसवल्या गेलेल्या किंवा तत्कालीन भाषेत ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी होते, ज्यांना विधवाश्रमाचे दारही बंद असे. प्रीती सदनात वृद्ध आणि दुर्बल स्त्रिया राहत, सदानंद सदनात मुलगे, आणि बार्तिमी सदनात अंध मुली. बार्तिमय हा बायबलमधील रस्त्याकडेला बसलेला आंधळा भिकारी, त्यावरून हे शेवटचे नाव आले. मनोरमाबाईंनी परदेशात ब्रेल लिपी, म्हणजे बोटांनी चाचपून वाचायची उठावाच्या ठिपक्यांची लिपी, शिकून घेतली होती आणि ती त्यांनी या मुलींना शिकवली. सदनांची ही यादी म्हणजे त्या काळच्या समाजाने कोणाकोणाला उंबऱ्याबाहेर ठेवले होते, त्याची जणू जंत्रीच आहे. पुण्यातील शारदा सदन उच्चवर्णीय विधवांपुरते होते. दुष्काळाने केडगावात जातीचा तो उंबरा मोडला, आणि रमाबाईंच्या कार्यातील हा बदल त्यांच्या धर्मांतराइतकाच मोठा मानायला हवा.

येथील प्रत्येकीला अक्षरांबरोबर एखादे काम यावे, असा दंडक होता. शेत, गोठा, स्वयंपाक, विणकाम, शिवणकाम, तेल काढणे, रुग्णसेवा, अध्यापन अशी कामे वाटलेली असत. अंध मुलींनाही हातांना जमेल असा उद्योग शिकवला जाई. घरकामाच्या शिक्षणाला ‘स्त्रीशिक्षण’ म्हणणाऱ्या त्या काळात छापखान्याचे काम बायकांकडे देणे ही मात्र सर्वस्वी वेगळी गोष्ट होती.

मुक्ती सदनाकडे टीकेच्या नजरेने पाहण्यासारखेही बरेच आहे आणि ते टाळल्यास परिचय अपुरा राहील. उपासमारीतून आलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलीने, अन्न देणाऱ्या हातांनीच पुढे केलेला धर्म स्वीकारला, तर त्या स्वीकाराला स्वेच्छा म्हणावे काय, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही तो गैरलागू झालेला नाही. १९०५ मध्ये येथे मोठे धार्मिक पुनरुज्जीवन झाले. सामूहिक प्रार्थना, रुदन आणि पापकबुली यांनी भारलेल्या त्या लाटेमुळे केडगावचे नाव जगभरच्या ख्रिस्ती मंडळांत पोहोचले, पण मराठी समाजापासून संस्था आणखी दूर गेली. दुसऱ्या बाजूला, रमाबाई कोणत्याही चर्चच्या आज्ञेत राहणाऱ्या नव्हत्या, हेही तितकेच खरे. इंग्लंडमध्ये असताना आपल्या धर्मभगिनींशी त्यांनी सिद्धांतांवरून पत्रोपत्री वाद घातले, बिशपांनी त्यांच्या अध्यापनावर घातलेली बंधने त्यांना मानवली नाहीत, आणि शाकाहार त्यांनी सोडला नाही. सनातन्यांना त्या धर्मबुडव्या वाटल्या आणि काही मिशनऱ्यांना हट्टी. दोघांची तक्रार एकाच गुणाविरुद्ध होती. उमा चक्रवर्ती, मीरा कोसंबी यांच्यासारख्या अभ्यासकांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्याकडे स्त्रीमुक्तीच्या विचारवंत म्हणून नव्याने पाहिले, तोवर मराठी पाठ्यपुस्तकांत त्या बहुधा एका ओळीपुरत्या होत्या. चर्च ऑफ इंग्लंडच्या दिनदर्शिकेत त्यांच्या स्मरणाचा दिवस आहे, शुक्र ग्रहावरील एका विवराला ‘मेधावी’ हे त्यांचे आडनाव दिलेले आहे, आणि भारतीय टपाल खात्याने १९८९ मध्ये त्यांचे तिकीट काढले; कुरकुंभ-चौफुला या वाटेवर त्यांचे नाव अजून तेवढे रुळलेले नाही.

आजची संस्था ‘पंडिता रमाबाई मुक्ती मिशन’ या नावाने काम करते. निराधार मुली, परित्यक्ता आणि वृद्ध स्त्रिया यांचा सांभाळ, शाळा आणि रुग्णसेवा असे तिचे स्वरूप आहे. आवारात दगडी चर्च आहे, ज्याचा पाया १८९९ मध्ये घातला गेला, आणि रमाबाईंची समाधीही येथेच आहे. पुणे-दौंड मार्गावरील गाड्यांनी केडगाव स्थानकावर उतरणे हा येथे येण्याचा सोपा मार्ग. कुरकुंभकडून येणाऱ्याने दौंडला जाऊन गाडी धरावी किंवा चौफुल्यावरून वळावे. मात्र हे पर्यटनस्थळ नसून मुली-बायकांचे राहते घर आहे, त्यामुळे संस्थेला आधी कळवून जाणे हेच उचित.

छापखान्याची हकीकत मुद्दाम शेवटी राखली आहे. रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून, म्हणजे बायबल ज्या मूळ भाषांत लिहिले गेले त्या भाषा आत्मसात करून, त्याचे मराठी भाषांतर हाती घेतले. उपलब्ध मराठी बायबलची भाषा त्यांना संस्कृतप्रचुर वाटे. ती खेड्यातील बाईला कळत नाही आणि त्या शब्दांबरोबर जुन्या दर्शनांचे अर्थही चिकटून येतात, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या लेखिकेचे १८८२ मधील ‘स्त्रीधर्मनीति’ हे पहिले पुस्तक जडजंबाल संस्कृत वळणाचे होते, तिनेच आयुष्याच्या अखेरीस साध्या बोलीचा आग्रह धरावा, हा मराठी गद्याच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रवास आहे. केडगावच्या छापखान्यात शिशाचे खिळे हाताने वेचून ओळी जुळवणाऱ्या जुळारी स्त्रियाच होत्या, फर्मे बांधणे आणि छपाई हे कामही त्याच करीत, आणि त्यातील पुष्कळ जणी दुष्काळात आलेल्या मुली होत्या. मनोरमाबाई १९२१ मध्ये निवर्तल्या, कानांनी अधू झालेल्या रमाबाई मुद्रिते तपासत राहिल्या, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. शेवटची मुद्रिते त्यांनी त्याआधी पुरी केली होती, असे संस्थेत सांगतात. उरलेले फर्मे बायकांनी छापले आणि १९२४ मध्ये संपूर्ण ग्रंथ केडगावातून बाहेर पडला.